रेणू मॅडमचा ऑफ तास

रेणू टेंभरे माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली त्या दिवसाचं पान मी काल पुन्हा काढून पाहिलं. २ जून २०१४, सोमवार. "नवे भाडेकरू आले. नवरा, बायको, सहा वर्षांचा मुलगा. सामान कमी, पुस्तकांची खोकी सात. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवतात. चहा दिला. साखर अर्धाच चमचा म्हणाल्या." तेव्हा मी तिला अहो-जाहो करत होते. महिन्याभरात ती मला काकू म्हणायला लागली आणि माझ्या तोंडी 'अगं' आलं.

माझ्यावर लिहिण्यासारखं काय आहे, असं ती हसून विचारते. मला मात्र गेल्या पावसाळ्यातले तिचे तीन महिने लिहून ठेवावेसे वाटतात. तिच्यासारख्या शिक्षिका गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

रेणूचं माहेर बिरसीच्या विमानतळाजवळचं. वडील बिसराम अजून स्वतः धान लावतात. शेतावरून शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात. रेणू माहेरी गेली की वडील विचारतात, "हे वर कसं राहते वं?" मग ती वहीच्या कागदाची पट्टी फाडते, ओठांशी धरते, वरून फुंकते. पट्टी उचलली जाते. वडील "बरं" म्हणतात आणि पुढच्या खेपेला तोच प्रश्न विचारतात. ती पुन्हा पट्टी फाडते. तिचं शिकवणं असंच आहे. करून दाखवल्याशिवाय ती काही सांगत नाही. साबणाचा फुगा, चुंबक, लिटमसचे कागद, बेडकाची अंडी, यांतलं काहीतरी तिच्या पिशवीत नेहमी असतं. अंड्यांची बरणी एकदा माझ्या ओट्यावर राहिली होती. तेही पान डायरीत आहे, जरा रागात लिहिलेलं.

तिची शाळा नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. खाजगी, अनुदानित. शाळेचं नाव लिहीत नाही. आठवड्यातले बहुतेक तास ती वर्गावर असते. रोज दोन तास मोकळे मिळतात, त्याला शाळेच्या भाषेत ऑफ तास म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं तो आराम आहे. रेणूचा एक ऑफ तास वह्या तपासण्यात जायचा आणि दुसरा प्रयोगशाळेत, उद्याची मांडामांड करण्यात. प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या मागच्या अंगाची एक लांब खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि एकच सूक्ष्मदर्शक.

जुलैत हे दोन्ही तास गेले.

झालं असं. मारणं कायद्याने बंद आहे, आणि ते चांगलंच आहे. पण अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात एखादा शिकवूच देत नसेल तर शिक्षकाच्या हातात काय उरतं? तो मुलाला बाहेर काढतो. मूल व्हरांड्यात उभं राहतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नववीतली दोन मुलं अशी बाहेर काढली होती, ती जिन्याने गच्चीवर गेली आणि खालून जाणाऱ्या सायकलवाल्यांवर खडे मारत बसली. एका दूधवाल्याच्या कपाळाला लागलं. मुख्याध्यापक कैलाश बोपचे यांनी दुसऱ्याच दिवशी सभा घेतली. जुन्या नकाशांची खोली रिकामी करायची, तिथे चार बेंच टाकायचे, बाहेर काढलेली मुलं तिथेच बसतील. नाव ठरलं 'चिंतन कक्ष'. पाटी रंगवून आली. मुलांनी दोन दिवसांत त्याला फ्रिज म्हणायला सुरुवात केली, गरम डोक्याची पोरं तिथे ठेवतात म्हणून.

प्रश्न होता, तिथे बसणार कोण. ज्याचा ऑफ तास असेल तो, असं बोपचे सर म्हणाले. सभेत सगळे पंख्याकडे पाहू लागले. सर्वांत ज्येष्ठ गणिताचे मनिराम सर म्हणाले की त्यांची पाठ दुखते. इंग्रजीच्या शिक्षकांकडे परीक्षा विभाग होता. कोणाकडे स्काउट, कोणाकडे पोषण आहार. शेवटी सरांनी विचारलं, "टेंभरे मॅडम?" आणि रेणू म्हणाली, "ठीक आहे सर."

त्या संध्याकाळी जिन्यातच तिला नवऱ्याने गाठलं. गजेंद्रचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याचं बोलणं कधी हिंदीत, कधी गावाकडचं, आणि आवाज कायम दुकानातल्यासारखा, मशिनीवरून ओरडल्यागत.

"तू हो म्हटलंस?"

"मग काय करू? मुलं बाहेर काढतो आम्हीच. त्यांना पाहायला नको कोणी?"

"पाहाले चौकीदार ठेवा ना. शिक्षकाले शिकवू द्या. चौकीदारी कायले? काकू, तुमीच सांगा हिले."

मी सांगितलं नाही. मला तेव्हा रेणूचंच बरोबर वाटलं होतं. ज्यांनी मुलाला काढलं त्यांनीच, म्हणजे शिक्षकांनीच, त्याला सांभाळावं. परक्या माणसाच्या हाती देऊ नये. डायरीत मी तसंच लिहिलंय. खाली रेघ मारून.

पण जुलै संपेपर्यंत माझं मत डळमळू लागलं. रेणू हो म्हणाल्यावर सरांनी पाळ्यांचा जो चार्ट भिंतीवर लावला, त्यावर सात जणांची नावं होती. प्रत्यक्षात कोणाला काही काम निघालं की निरोप यायचा, "मॅडम, तुमचा ऑफ आहे ना? जरा बसता का?" रेणूला नाही म्हणणं कधी जमलं नाही. खोलीत कधी दोन मुलं असत, कधी अकरा. अकरा असली की वर्गापेक्षा जास्त गलका. वह्या तपासता येत नसत. लाल पेन हातात घेऊन ती नुसती बसायची, आणि वह्या घरी यायच्या. गठ्ठे जिन्यावरून वर नेताना मी रोज पाहायचे. आणि प्रयोग बंद झाले. एकदा रविवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "काकू, काल मी आठवीला पेशी शिकवली. पुस्तकातून वाचून. आकृती पाहा म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच तासाला झोप आली."

खोलीत सर्वांत जास्त वेळा येणारी मुलगी आठवीतली खुशी. शाळेमागच्या टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीत, आईसोबत राहायची. आई सुशिलाबाई मजुरीने शेतात जायची. खुशी उलट बोलायची, एवढाच तिचा गुन्हा, पण तो रोजचा. मनिराम सर म्हणाले, "हे गणित सोपं आहे." ही म्हणाली, "मंग तुमी काऊन पुस्तक पाहून राहिले?" काढली बाहेर. फ्रिजमध्ये येऊन ती रेणूसमोर बसायची आणि विचारायची, "मॅडम, तुमाले कोणं काढलं?"

हे सांगताना रेणू इतकी हसली होती की तिला ठसका लागला. पण बोलणं काही खोटं नव्हतं.

आता १३ सप्टेंबर, शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसातला भरते, सव्वाअकराला सुटते. रेणू बाराच्या आत घरी आली, जेवली, वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याच पुढच्या खोलीत बसली, कारण तिथे पंखा बरा आहे. दोनला दहा कमी असताना तिचा फोन वाजला. मुख्याध्यापक होते. त्यांचा आवाज मला खुर्चीवर ऐकू येत होता.

"मॅडम, खुशी तुमच्याकडे होती ना?"

"माझ्याकडे? नाही सर. आज कुठे..."

"तिसऱ्या तासाला मनिराम सरांनी तिला चिंतन कक्षात पाठवलं. पोरगी घरी पोचली नाही. आई आपल्या उदाराम शिपायाच्या दारात येऊन रडून राहिली. शनिवारी चार्टवर तुमचंच नाव आहे."

रेणूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, हे मी वाचलेलं वाक्य नाही, पाहिलेलं आहे. ती म्हणाली, "मी येते," आणि चप्पल उलटी घातली. गजेंद्र दुकान बंद करून छोटा टेम्पो घेऊन आला. घरी बसून मी काय करणार होते? मीही पुढे चढून बसले.

शाळेच्या आवारात आठ-दहा माणसं जमली होती. शिपाई उदाराम किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. सुशिलाबाई अंगणातल्या कडुनिंबाखाली होती, निंदणावरून तशीच आलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तिच्या मांडीवर खुशीचं दप्तर होतं. दप्तर चिंतन कक्षातल्या बेंचवर सापडलं होतं. शेजारी रजिस्टर. त्यात खुशीच्याच अक्षरात तिचं नाव, वर्ग आणि वेळ, नऊ वाजून दहा मिनिटं. पुढचा रकाना 'उपस्थित शिक्षकाची सही'. तो कोरा.

दप्तर टाकून पोरगी गेली कुठे? शाळेमागे बोडी आहे. शेताला पाणी देणारं ते तळं सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं असतं. कोणीच नाव घेत नव्हतं, पण सगळे त्याच बाजूला पाहत होते. दोन माणसं बांबू घेऊन काठाने फिरत होती.

सुशिलाबाईने रेणूला पाहिलं आणि ती उठली.

"मॅडम, बाहेर काढता तुमी पोट्टीले. मंग कोण पाहाते तिले? सांगा ना. कोण पाहाते?"

मी सुशिलाबाईचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

दोन चाळीसला बोडीकडची माणसं परत आली. काही नाही, म्हणाली. काही नाही म्हणजे बरं की वाईट, तेही कळेना. बोपचे सर फोनवर फोन लावत होते. मनिराम सर आले होते आणि एकटेच व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे होते. तेवढ्यात रेणूने उदारामला विचारलं, "सगळ्या खोल्या उघडून पाहिल्या?"

"हो जी. वर्ग पाहिले, हापिस पाहिलं, संडास पाहिले."

"प्रयोगशाळा?"

"तिथी कोण जाते मॅडम? दोन महिने झाले, तुमी बी नाही जात."

रेणूने त्याच्या हातातून किल्ल्या ओढून घेतल्या. ती पळाली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, साडी सावरत, मागच्या अंगाला. आम्ही सगळे मागून. सकाळी उदाराम सगळी दारं उघडून झाडतो आणि सुटल्यावर एकेक दार ओढून कुलूप लावतो. आत डोकावत नाही, आत कोण असणार?

कुलूप निघालं. खुशी टेबलावर डोकं टेकून झोपली होती. शेजारी सूक्ष्मदर्शक कपाटातून काढून ठेवलेला, आणि कांद्याच्या पातीचे बारीक तुकडे. दाराच्या आवाजाने ती दचकून उठली, इतक्या माणसांना पाहून घाबरली आणि घाबरल्यामुळे भांडायला लागली.

"किती आवाज देल्ली मी! घसा बसला माहा. कोणीच येऊन नाही राहिलं!"

सुशिलाबाई गर्दीतून आत घुसली. पहिल्यांदा तिने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला अशी घट्ट धरली की पोरीला श्वास घेता येईना.

"मारतेस काऊन?" खुशी तिच्या खांद्यातून बोलली. "मलेच तं कोंडलं होतं!"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, बोडीकडची दोघं बांबू टेकून, बोपचे सर चष्मा पुसत. मी बाकावर बसले आणि मलाही हसू आवरेना.

"पण तू इथे आलीस कशाला?" रेणूने विचारलं.

"तिकडं फ्रिजमंदी कोणीच नवतं. एकटी कायचं चिंतन करू? पेशी पाहाले आली. पुस्तकातली आकृती डोस्क्यात घुसूनच नाही राहिली. पण याच्यातून सगळं काळंच दिसते."

आरसा उलटा होता, असं रेणू मला परतीच्या वाटेवर म्हणाली. ज्याने सूक्ष्मदर्शकात प्रकाश येतो तो खालचा आरसा.

पोरगी सापडली, पण रेणूचं प्रकरण मिटलं नव्हतं. निघताना बोपचे सरांनी तिला बाजूला घेतलं होतं. सोमवारी लेखी खुलासा द्या, म्हणाले. सुशिलाबाई शिक्षण विभागाकडे जाईन म्हणत होती, आणि गेली असती तर पहिलं नाव चार्टवरचंच निघालं असतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत रेणूच्या फाइलीत एक उशिराचा शेराही नाही. त्यात आता हे लागलं असतं.

रविवारी सकाळी ती चार वेळा खुलासा लिहून चार वेळा फाडून बसली होती. गजेंद्र चहा पीत तिच्या मोबाईलवर चार्टचा फोटो मोठा करून पाहत होता. अचानक त्याने कप ठेवला.

"हे का आहे? शनिवार, टेंभरे मॅडम, बारा वीस ते दीड. बारा वीसला शनिवारी तू घरी वरणभात खाऊन राहतेस!"

मीही फोटो पाहिला. खरंच. बोपचे सरांच्या मनात तिसरा आणि चौथा तास होता, पण चार्टवर त्यांनी तास लिहिले नव्हते, घड्याळ लिहिलं होतं. शुक्रवारची ओळ शनिवारी तशीच उतरवली होती. रोजच्या शाळेचा तिसरा तास बारा वीसला लागतो. शनिवारी त्या वेळी शाळेला कुलूप असतं.

"सुटलीस!" गजेंद्र ओरडला. "अब लिख. साफ साफ. चार्ट गलत, बात खतम. हेडमास्तरची चूक. तुझं काहीच नाही."

रेणूने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मला जुलैपासून माहीत आहे."

गजेंद्रने मोबाईल खाली ठेवला.

"पहिल्याच शनिवारी दिसलं होतं. मनात आलं, बरं झालं, एक दिवस तरी सुटला. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी वेळ बदलली असती. म्हणून नाही सांगितलं. शनिवारी कोणाला बाहेर काढतच नाहीत फारसं, म्हटलं. काकू, दोन महिने मी गप्प बसले."

"हे लिहू नको," गजेंद्र हळू आवाजात म्हणाला. मशिनीवरचा आवाज गेला होता. "कोणाले मालूम आहे हे? कोणालेच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगावं? मी शिक्षिका नव्हते. आमचे हे रेल्वेत होते, मी घर सांभाळलं. शाळा मला माहीत आहे ती माझीच, नागपूरच्या कॉन्व्हेंटची. तिथे वर्गातून काढलेल्या मुलीला दवाखान्याच्या सिस्टरकडे पाठवत. मीही गेलेली आहे. सिस्टर बेनेडिक्टा काही उपदेश करत नसत. त्या दिवसभर तिथेच असत, एवढंच. कोणत्याही वेळी जा, त्या खुर्चीवर एक माणूस असे आणि ते माणूस दुसऱ्या कामातून ओढून आणलेलं नसे. मी रेणूला हे सांगितलं. आणि म्हटलं, "खरं काय ते लिही. पण नुसतं तुझ्या चुकीचं लिहू नको. तुला सुटकेचा एक शनिवार का हवासा वाटला, तेही लिही."

पाचवा कागद तिने फाडला नाही.

सोमवारी काय झालं ते तिने संध्याकाळी सांगितलं, आधी मला, मग गजेंद्रला, मग पुन्हा मला. मी ते त्याच दिवशी लिहून घेतलं.

सुशिलाबाई शाळा भरायच्या आधीच ऑफिसच्या दारात येऊन उभी होती. खुर्ची दिली तर बसली नाही. सगळे शिक्षक जमले होते. ती म्हणाली, "मले कोणाची नोकरी खायाची नाही. एवढं सांगा, कोण पाहात होतं माह्या पोरीले?"

बोपचे सरांनी घसा साफ केला. रेणू त्यांच्या आधी बोलली. "माझं नाव होतं. मी नव्हते. वेळ चुकीची पडली होती, ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही." तिने खुलाशाचा कागद टेबलावर ठेवला.

सरांनी तो वाचला. मग भिंतीवरचा चार्ट काढून आणला आणि बराच वेळ पाहिला. हा माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. ते म्हणाले, "हे मीच बनवलं. तुम्ही सांगितलं नाही, मी तपासलं नाही." रेणूच्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली आणि कागद फाइलीत लावला.

सुशिलाबाई म्हणाली, "एवढं तं खरं बोललं कोणी."

मनिराम सरांना हे सगळं जरा जास्त वाटलं असावं. "एक पोरगी दोन-चार घंटे झोपली, तर एवढा बवाल? वर्गात अठ्ठेचाळीस आहेत. हिला नाही काढलं तर सत्तेचाळीसांचं नुकसान. मी काय करू?"

"काढा सर," रेणू म्हणाली. "तुमचं बरोबर आहे, कधी काढावंच लागतं. पण नऊ दहाला काढलीत. तास संपल्यावर ती कुठे आहे, हे पाहिलंत?"

मनिराम सर पंख्याकडे पाहू लागले.

"मी ही ड्युटी यापुढे करणार नाही," रेणू पुढे म्हणाली. "माझ्याकडून ती नीट होत नाही आणि माझं शिकवणंही होत नाही. आठवीला मी पेशी दाखवली नाही. पोरगी एकटी पाहायला गेली ती म्हणूनच. ज्याचा ऑफ असेल तो बसेल म्हणजे रोज वेगळा माणूस, रोज घाई, आणि एखाद्या दिवशी कोणीच नाही. जो माणूस दिवसभर एका जागी असतो त्याच्याकडे मुलं द्या."

असा माणूस शाळेत एकच होता. ग्रंथपाल बकाराम सर. त्यांनी लगेच दोन्ही हात वर केले. "माह्या कपाटाले कोणी हात लावला तं मी सांगून ठेवतो!" पण नाही म्हटलं नाही. सुशिलाबाईने शेवटची अट घातली. "काढा जी, मस्तीखोर आहे ते मले मालूम आहे. पण काढलं तं कोणाच्या हाती द्या. आणि ज्यानं काढलं त्यानं परत घेऊन जावं."

तेच ठरलं. काढणाऱ्या शिक्षकाने चिठ्ठी लिहायची, कारणासह, आणि तास संपला की स्वतः वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीत येऊन मुलाला घेऊन जायचं. पहिल्या आठवड्यात गंमत झाली. रोज आठ-दहा मुलं बाहेर पडायची, ती दोन-तीनवर आली. चिठ्ठी लिहायची आणि जिना चढायचा म्हटल्यावर बऱ्याच जणांना मुलं वर्गातच बरी वाटू लागली. बकाराम सर कुरकुरतात, फाटक्या पुस्तकांना मुलांकडून कव्हरं घालून घेतात. उद्या तेही कंटाळतील, तेव्हा पुन्हा सभा होईल. माझी डायरीतली रेघ मारलेली ओळ मी खोडली नाही. तिच्या बाजूला लहान अक्षरात तारीख घालून लिहिलं, "मत बदललं."

बुधवारी रेणूला पहिला ऑफ तास मिळाला. संध्याकाळी ती वर न जाता थेट माझ्याकडे आली.

"काय केलंस मग?" मी विचारलं. "वह्या?"

"झोपले, काकू. स्टाफरूममध्ये, टेबलावर डोकं ठेवून. अख्खा तास. घोरत होते म्हणे. मनिराम सरांनी पंखा वाढवला आणि कोणाला बोलू दिलं नाही."

गजेंद्र जिन्यातून ओरडला, "तिथी बी घोरतेस? मले वाटलं फक्त माह्याच नशिबी आहे!"

गुरुवारी ती प्रयोगशाळेत शिरली. शुक्रवारी आठवीला कांद्याची साल. सहा-सहाचे गट, एक सूक्ष्मदर्शक, आयोडीनचा एकेक थेंब. खुशी पहिल्या गटात. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. विटांची भिंत दिसते म्हणाली. मागची पोरं ढकलू लागली. एकाने तिची वेणी ओढली. खुशीने मागे न पाहता आयोडीनची बाटली त्याच्या पांढऱ्या शर्टावर रिकामी केली.

अकरा वर्षांत मी रेणूकडून ऐकलेलं नाही की तिने कोणाला वर्गाबाहेर काढलं. त्या दिवशी काढलं. चिठ्ठी लिहिली, "आयोडीन सांडले, मुद्दाम." खुशी चिठ्ठी वाचून म्हणाली, "मॅडम, तुमी बी?"

"मी बी," रेणू म्हणाली. "जा."

घंटा झाली तेव्हा टेबलावर ओल्या काचपट्ट्या पसरल्या होत्या, बाटली उघडी होती आणि पुढच्या तासाला तिला नववीवर जायचं होतं. तिने सगळं तसंच सोडलं, पिवळे झालेले हात पदराला पुसले आणि जिना चढून लायब्ररीत गेली. खुशी खिडकीपाशी बसून एका भूगोलाला कव्हर घालत होती.

"एवढ्या लवकर आल्या?" ती म्हणाली. "अर्धंच झालं माह्यं."

रेणू बाकावर टेकली आणि कव्हर पूर्ण होईपर्यंत थांबली. नववीवर ती चार मिनिटं उशिरा पोचली. ते तिने मला स्वतःहून सांगितलं, म्हणून इथे लिहिलं.